बॅरिटोनची बायको

लेम्युएल मेब्री गायला लागला की त्याची बायको आधी खिडकी लावून घेई आणि मग कांदा चिरायला बसे. डोळ्यांत पाणी कशामुळे आलं, हे मग कुणाला सांगत बसावं लागत नसे.

मी शेजारीच राहतो. न्यू ऑर्लिन्सच्या तिसऱ्या वॉर्डात आमची घरं एकमेकांना इतकी खेटून, की एकाने शिंक दिली तर दुसऱ्याने आपल्या जेवणाच्या टेबलावरून ‘देव भलं करो’ म्हणावं. त्यामुळे बंद खिडकीचा मला फारसा उपयोग झाला नाही. लेमचं गाणं असं होतं: एक सूर धरायचा, त्यावर बराच वेळ बसून राहायचं, मग काही कारण नसताना वर उडी मारायची, तिथे करमलं नाही म्हणून थोडं खाली यायचं, आणि आता हे संपणार असं वाटतंय तोच भलतीकडे निघून जायचं. एखादा माणूस अंधारात आपला चष्मा शोधतोय, असं काहीसं ते ऐकू येई.

तुम्ही म्हणाल, बिचाऱ्याला गाता येत नसेल. तसं नव्हतं. लेम आमच्या गाणाऱ्या चौकडीचा बॅरिटोन, म्हणजे मधला आवाज, होता.

आम्ही चौघं सेप्टिमच्या दुकानात गायचो. सेप्टिम म्हणजे आमच्या गल्लीतला न्हावी. चाल माझ्याकडे. म्हणजे गाणं लोकांना कळतं ते माझ्यामुळे; हे मी अत्यंत नम्रपणे सांगतो. सेप्टिम स्वतः माझ्या वरच्या पट्टीत गायचा, माडीच्या खिडकीतून रस्त्यावरची गंमत बघणाऱ्या माणसासारखा. खर्ज होझिया टिब्सचा. होझिया मयताची गाडी हाकायचा, त्यामुळे तो काही बोलला की लोक आपोआप टोपी काढत. आणि आम्ही तिघांनी आपापले सूर उचलल्यावर जे काही उरेल, ते लेमचं. उरलेलंच गायचं म्हटल्यावर त्याची स्वतःची अशी चाल होणार कुठून? तो धंद्यानेही गिलावा करणारा होता. भिंतींतल्या भेगा बुजवायचा. कामावर आणि गाण्यात त्याला एकच प्रश्न ऐकावा लागे: ‘सगळं छान दिसतंय हो, पण यात तुम्ही नेमकं काय केलंत?’

हे गाणं कागदावर नसतं. सेप्टिमच्या आजोबांनी दिवसभर शहरातल्या बड्या गोऱ्यांच्या दाढ्या केल्या आणि शनिवारी संध्याकाळी वस्तीत येऊन आपल्या काळ्या माणसांच्या. तेव्हा आपल्या माणसाला नाटकगृहात पुढच्या दाराने जाता येत नसे आणि बागेतल्या बाकावर बसता येत नसे. अजूनही येत नाही, पण तो विषय वेगळा. न्हाव्याच्या दुकानातला बाक मात्र आपला होता. त्यावर नंबर लागेपर्यंत बसलेल्यांपैकी कुणीतरी एक सूर सोडायचा. दुसरा त्याच्या वर जायचा, तिसरा खाली, आणि चौथा जागा शोधत फिरायचा. ती सापडली की सगळ्यांचे डोळे मिटायचे. वस्तरा हवेत थांबायचा. अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक तक्रार करत नसे, कारण बहुतेक वेळा चौघांतला एक तोच असे.

आणि मेळ अगदी खरा बसला, तर पाचवा यायचा.

पाचवा म्हणजे माणूस नव्हे. चार सूर एकमेकांत फटीशिवाय बसले की त्यांच्या डोक्यावर, छताजवळ कुठेतरी, एक पाचवा सूर आपला आपण वाजायला लागतो. तो गात कुणीच नसतं. आमच्या दुकानात आरशाखालच्या फळीवर, दाढीनंतर लावायच्या सुगंधी पाण्याची एक निळी बाटली होती, आजोबांच्या वेळची. पाचवा आला की ती गुणगुणायची. नाही गुणगुणली तर सेप्टिम एवढंच म्हणायचा, ‘‘पुन्हा.’’

त्या दुकानात बायका येत नसत. बंदी होती असं नाही. बाहेर येणारा वासच त्यांना पुरत असे. मिसेस मेब्री, म्हणजे सगळ्या वॉर्डाची मिस अर्नेस्टाइन, तर कधीच फिरकली नव्हती. ती आमच्या बॅप्टिस्ट चर्चच्या गायकवृंदाची प्रमुख. पाद्रीबाबांनी प्रवचन लांबवलं की ती नुसता घसा साफ करी, आणि पाद्रीबाबा थेट ‘आमेन’वर येत. नदीतल्या बोटी आणि खिडकीतल्या पोरी यांच्यावरची गाणी तिच्या लेखी गाणीच नव्हती. वीसेक वर्षं नवरा चौघांत गात होता, पण तिने ऐकला तो एकटाच, भिंतीपलीकडून. आम्हीही दुकानाबाहेर कधी गायलो नव्हतो. सेप्टिमचं म्हणणं, नंबर लागेपर्यंत करायची गोष्ट ही, ती स्टेजवर कशाला न्यायची?

मग सेप्टिमने रेडिओ घेतला.

एका शनिवारी त्या रेडिओवर चार गोरे गृहस्थ गायले. आधी निवेदकाने सांगितलं, की आता आपण न्हाव्याच्या दुकानातलं जुनं गाणं ऐकणार आहोत, आणि हा आमच्या गोऱ्या आजोबांचा ठेवा असून पट्ट्यापट्ट्यांचे कोट घातलेल्या या सज्जनांनी तो जपला आहे.  चौघं चांगलं गात होते, खोटं कशाला बोला. सेप्टिमने गाणं संपेपर्यंत ऐकलं, वस्तरा पट्ट्यावर दोनदा ओढला.

‘‘आवाज चांगले आहेत,’’ तो म्हणाला. ‘‘कुणाकडून शिकले ते सांगायचं राहून गेलं असेल. रेडिओवर वेळ कमी असतो.’’

आणि त्याच संध्याकाळी जाऊन त्याने वॉर्डातल्या परस्पर साहाय्य मंडळाच्या स्पर्धेत आमचं नाव दिलं. वार्षिक उत्सवात, मंडळाच्या सभागृहात, सगळ्या वॉर्डासमोर. ‘‘निदान आपल्या लोकांना तरी माहीत असू दे,’’ तो म्हणाला.

त्यानंतरच्या शनिवारी मिस अर्नेस्टाइन दुकानात शिरली.

डोक्यावर चर्चची हॅट, हातात पर्स. बाकावरची सगळी माणसं एकदम उभी राहिली आणि जो तो आपल्या हातातलं मासिक पाठीमागे लपवू लागला. खुर्चीत एक गिऱ्हाईक आडवं होतं, कपाळापासून हनुवटीपर्यंत गरम टॉवेलमध्ये गुंडाळलेलं, फक्त नाक बाहेर. ते नाक लेमचं होतं. पण नुसत्या नाकावरून नवरा ओळखावा, इतका तिला संशय नव्हता.

‘‘सेप्टिम, मला तुमच्याशी बोलायचंय.’’

‘‘बसा ना, मिस अर्नेस्टाइन.’’

‘‘बसायला नाही आले,’’ असं म्हणून ती बसली. ‘‘त्या दिवशी मिस्टर मेब्रींना उभं करू नका.’’

सेप्टिमने एकदा टॉवेलकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी छताकडे पाहिलं.

‘‘का बरं?’’

‘‘अहो, माणूस सोन्यासारखा आहे. दारूला शिवत नाही, चर्चमध्ये झोपत नाही. पण गाता येत नाही हो त्यांना! बेसूर म्हणावं तर तेही नाही. बेसूर माणूस निदान सुराच्या आसपास असतो. हे गावाबाहेर असतात!’’

टॉवेलमधून वाफ येत होती. ती टॉवेलचीच होती का, सांगता येत नाही.

‘‘आम्हाला काही तसं वाटलं नाही,’’ सेप्टिम म्हणाला.

‘‘तुम्ही मित्र आहात, तुम्ही बोलणार नाही. पण पहिल्या रांगेत माझा अख्खा गायकवृंद बसणार. व्हिओला प्रॉक्टर बसणार! ती बाई अंत्ययात्रेत हसते!’’

‘‘हसते,’’ होझिया म्हणाला. हे त्याचं त्या आठवड्यातलं बहुधा पहिलं वाक्य. ‘‘मी पाहिलंय.’’

‘‘लोक हसले ना, तर ते मला काही बोलणार नाहीत. गप्प जेवतील. आणि पुन्हा कधी गाणार नाहीत.’’ तिने पर्सचा खटका उघडला आणि उगाच पुन्हा लावला. ‘‘तेवढं मला नकोय.’’

‘‘पण तुम्हाला तर त्यांचं गाणं आवडत नाही,’’ मी म्हणालो.

‘‘ते मी म्हणायचं, लिअँडर. वॉर्डाने नाही!’’

  सेप्टिमने हात पुसले.

‘‘ठीक आहे. काढतो लेमला. पण मग तिघांनीच गावं लागेल. तुमचा कान सगळ्या वॉर्डात पक्का. ऐका, आणि सांगा चालेल का.’’

आम्ही आमचं ठेवणीतलं गाणं घेतलं, ‘मॅटी, दिवा विझवू नकोस’. बोटीवरून परतणारा एक खलाशी मॅटीला विनवतो, असं ते आहे. मी चाल धरली, सेप्टिम वर गेला, होझिया खाली उतरला. मी स्वतः फार सुंदर गात होतो. आणि तरीही ते गाणं म्हणजे भिंती आहेत, छप्पर आहे, पण जिनाच बांधायचा राहिलाय, असं घर झालं. निळी बाटली ढिम्म.

मिस अर्नेस्टाइनच्या कपाळावर आठी आली. ‘‘इथे काहीतरी सुटतंय.’’

‘‘काय सुटतंय?’’ सेप्टिमने विचारलं, इतक्या भोळेपणाने की मला खोकला आला.

‘‘काहीतरी. पुन्हा म्हणा.’’

आम्ही पुन्हा सुरू केलं. दुसऱ्या ओळीला तिने डोळे मिटले. तिसऱ्या ओळीला ती गुणगुणायला लागली. आधी नुसतं ओठांत, मग जरा मोठ्याने. एका सुरावर बसून राहिली, काही कारण नसताना वर गेली, तिथून थोडी खाली आली... तीच ती! अंधारात चष्मा शोधणारी चाल! तिला ती श्वासासकट पाठ होती. इतकी वर्षं कांदा चिरता चिरता पाठ झालेली.

आणि फळीवरची बाटली गुणगुणू लागली.

मिस अर्नेस्टाइनने डोळे उघडले. बाटलीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, आणि तोंडावर हात ठेवला.

‘‘अगंबाई,’’ ती हळूच म्हणाली. ‘‘हे तर मिस्टर मेब्रींचं... ते.’’

 मग टॉवेल बोलला.

‘‘शेवटच्या ओळीत तू घाई करतेस, अर्नेस्टाइन.’’

ती उठली, खुर्चीपाशी गेली आणि जखमेवरची पट्टी काढावी तसा तो टॉवेल एका टोकाने उचलला. खाली नवरा होता, उकडलेल्या खेकड्यासारखा वाफाळलेला.

‘‘कधीपासून आहात इथे?’’

‘‘‘गावाबाहेर’च्या बऱ्याच आधीपासून.’’

‘‘मग बोललात का नाही?’’

‘‘तोंडावर टॉवेल होता.’’

‘‘आणि कानावर नव्हता वाटतं?’’

‘‘बॅरिटोनला सगळं ऐकू येतं,’’ लेम म्हणाला. ‘‘दुसऱ्यांचं ऐकायचं, हेच तर त्याचं काम.’’

 तिने टॉवेल परत त्याच्या तोंडावर टाकला, नको तितका नीट दाबून बसवला आणि दाराशी गेली.

‘‘सेप्टिम, यांची दाढी नीट करा,’’ ती म्हणाली. ‘‘पहिल्या रांगेतून सगळं दिसतं.’’

उत्सवाच्या दिवशी मंडळाचं सभागृह शिगोशिग भरलं होतं. पंखे हलत होते, हॅट्स हलत होत्या, मागे तळलेल्या माशांचा वास. परीक्षक होते नदीपलीकडचे ब्रदर ओबेडाया क्रम्प, पांढऱ्या भुवयांचे. आमच्याकडची पद्धत अशी, की परीक्षकाने स्टेजकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसायचं. तोंड बघून मत देता कामा नये. नियम एकच: चार माणसं, चार आवाज. काही वर्षांपूर्वी एका चौकडीने पडद्यामागे खर्जाचा चुलतभाऊ लपवला होता, तेव्हापासून ब्रदर क्रम्पना सगळ्याच पडद्यांचा संशय येई.

आमची पाळी आली. लेमचा कोट इतका कडक इस्त्रीचा होता, की त्याला वाकून नमस्कारही धड करता येईना. पहिल्या रांगेत मधोमध मिस अर्नेस्टाइन, शेजारी व्हिओला प्रॉक्टर, हसायला अगदी तयार.

आम्ही मॅटीला विनवायला सुरुवात केली. दुकानात गायलो तसंच गायलो, डोकी एकमेकांजवळ, डोळे अर्धे मिटलेले. शेवटचा मेळ धरला आणि तो असा बसला, असा बसला, की छताला टांगलेल्या दिव्यांच्या काचा झिणझिणल्या. पाचवा आला होता. स्वच्छ, उंच, सगळ्या सभागृहावर.

ठक्! ब्रदर क्रम्पनी काठी आपटली.

‘‘थांबा! पाच आवाज आहेत.’’

‘‘चारच आहोत, ब्रदर क्रम्प,’’ सेप्टिम म्हणाला.

‘‘मी म्हातारा झालोय, सेप्टिम, बहिरा नाही. वरती बाईचा आवाज आहे!’’

सगळ्या सभागृहाने एकदम मिस अर्नेस्टाइनकडे पाहिलं. असा आवाज असलेली बाई वॉर्डात दुसरी होतीच कोण?

‘‘मी शेजारीच होते,’’ व्हिओला प्रॉक्टर उत्साहाने म्हणाली. ‘‘ओठ हलत होते तिचे!’’

‘‘हलत होते,’’ मिस अर्नेस्टाइन म्हणाली. ती खोटं बोलत नाही, चर्चबाहेरसुद्धा. ‘‘मनातल्या मनात म्हणत होते. आवाज काढला नाही.’’

‘‘मनातलं मला इथून दिसत नाही,’’ ब्रदर क्रम्प भिंतीला म्हणाले. ‘‘नियम म्हणजे नियम. चौकडी बाद.’’

मी लेमकडे पाहिलं. तो काही बोलणार नव्हता. तो घरी जाऊन गप्प जेवणार होता, आणि आमच्या गल्लीत पुढे कायमची शांतता. इतकी वर्षं मी तिची वाट पाहिली होती, आणि त्या क्षणी ती मला नको होती.

‘‘एक मिनिट,’’ मिस अर्नेस्टाइन उभी राहिली. ‘‘पाणी आणा कुणीतरी.’’

पाणी नव्हतं, लिंबाचं सरबत होतं. तिने पेला घेतला, स्टेजच्या पायरीवर चढली, सगळ्या सभागृहाकडे तोंड केलं आणि तोंडात मावेल तितकं सरबत भरून घेतलं. न गिळता. गाल फुगले, हॅट थोडी तिरकी झाली, डोळे मोठे झाले. जिच्या नुसत्या घसा साफ करण्याने प्रवचनं आटोपत, ती बाई सगळ्या वॉर्डासमोर राजम्याने टम्म भरलेल्या पातेल्यासारखी उभी राहिली. आणि हशा फुटला. मागची रांग, मधली रांग, पहिली रांग. गायकवृंद हसला. व्हिओला तर खुर्चीवरून घसरायचीच राहिली. मिस अर्नेस्टाइन जागची हलली नाही. मान ताठ, पर्स छातीशी. एका हाताने तिने आम्हाला खूण केली: चला.

लेमने तेव्हा ना माझ्याकडे पाहिलं, ना सेप्टिमकडे. तिच्या पाठीकडे बघत त्याने श्वास घेतला.

आणि आम्ही गायलो. हशा चालूच होता, पहिल्या ओळीला ओसरला, दुसरीला विरला. मला माझं ऐकू येत होतं, होझियाचं पायांतून जाणवत होतं, आणि आमच्या मधोमध, जिथे फट असते तिथे, फट नव्हती. शेवटचा मेळ बसला. मिस अर्नेस्टाइनचे गाल टम्म, ओठ घट्ट मिटलेले, आणि तिच्या हॅटवरून, सगळ्यांच्या डोक्यांवरून, पाचवा आला. दिव्यांच्या काचा वाजल्या. कुणी पंखा हलवेना.

ब्रदर क्रम्प वळले. परीक्षक म्हणून बसल्यापासून ते कधी वळले नव्हते. काठीने त्यांनी आम्हाला मोजलं, प्रत्येकाकडे काठी रोखून. मग तिच्या गालांकडे पाहिलं. मग वर छताकडे. आणि हळूच टोपी काढली.

‘‘माझ्या बापाने दाखवला होता मला हा,’’ ते म्हणाले. ‘‘नदीपलीकडे, न्हाव्याच्या दुकानात. लहान होतो मी. मला वाटलं, तो बापाबरोबरच गेला.’’

‘‘कुठेही गेला नाही, ब्रदर क्रम्प,’’ सेप्टिम म्हणाला. ‘‘आमच्याकडे दर शनिवारी येतो.’’

मग जो काय गलका झाला त्यात बक्षिसाचं हॅम, म्हणजे डुकराची अख्खी मांडी, कुणी कुणाच्या हातात दिलं, हे मला आठवत नाही. ते होझियाच्या गाडीतून घरी गेलं एवढं आठवतं. रस्त्यात लोकांनी त्यालाही टोप्या काढल्या.

पण त्या गलक्यात मी एक ऐकलं. व्हिओला प्रॉक्टर मिस अर्नेस्टाइनला म्हणत होती, ‘‘गाणं छान झालं हो. पण खरं सांगू? लिअँडरची चाल ऐकू आली, खर्ज ऐकू आला, वरचा सेप्टिम ऐकू आला. तुमच्या मिस्टरांचा आवाज काही मला आला नाही बाई.’’

मिस अर्नेस्टाइनच्या तोंडात ते सरबत अजूनही होतं. तिने ते सावकाश गिळलं. हॅट सरळ केली.

‘‘नाही ना आला?’’ ती म्हणाली. ‘‘व्हिओला, जो ऐकू येत नाही, तोच आमचा!’’

पुढच्या शनिवारी रेडिओवर ते पट्ट्यांचे कोट पुन्हा लागले. सेप्टिमने आवाज मोठा केला आणि म्हणाला, ‘‘बॅरिटोन बरा आहे त्यांचा.’’ लेमने टॉवेलखालून जरा वेळ ऐकलं आणि म्हणाला, ‘‘बरा आहे. घाई करतो. आमच्या अर्नेस्टाइनकडे पाठवा.’’

हल्ली लेम घरी गायला लागला की मिस अर्नेस्टाइन कांदा बाजूला ठेवते, एप्रनला हात पुसते आणि खिडकी सताड उघडते. सगळ्या गल्लीला ऐकू यावं म्हणून. मी समोरच्या पायरीवर बसून ऐकतो. अभिमानाने छाती भरून येते. चाल मात्र अजूनही तशीच आहे.